डिफ्यूजन एमआरआय : स्कॅन मिळाला, डेटा मिळेना (माझा अनुभव)

एथिक्स कमिटीची परवानगी, आतेभावाची संमती, जळगावातल्या एका खासगी सेंटरवर रात्रीची वेळ, सगळं बिनबोभाट झालं. डोकं उठलं ते सीडीच्या काउंटरवर.

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मला बघायचं होतं की डोळ्यांसमोर चौकटी लुकलुकत असताना दृष्टीचे चेतातंतू खरंच कामाला लागलेले दिसतात का. नेहमीचा फंक्शनल एमआरआय रक्तातला बदल पकडतो, आणि तो काही सेकंद मागे असतो. डिफ्यूजन पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजतो. पेशी काम करताना किंचित फुगतात, त्यामुळे हा बदल रक्ताच्या आधी दिसतो, असं फ्रेंच संशोधक डेनिस ल बिहान यांच्या गटानं 2006 मध्ये मांडलं. (त्यात रक्तवाहिन्यांचा परिणाम मिसळलेला असतो, असा आक्षेप आहे, आणि मला तो पटतो.) 2013 मध्ये उंदरांच्या ऑप्टिक नर्व्हवर (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर) प्रयोग झाला : प्रकाश लुकलुकताना तंतूंना आडव्या दिशेनं पाण्याची हालचाल घटली. माणसाची ऑप्टिक नर्व्ह बारीक आणि बुबुळाबरोबर हलणारी, म्हणून मी मागचं ऑप्टिक रेडिएशन, म्हणजे मेंदूच्या आतला दृष्टीच्या तंतूंचा पट्टा, धरलं. पण तंतूंना आडवी आणि तंतूंच्या लांबीनं होणारी हालचाल वेगवेगळी दिसली तरच या मोजणीला अर्थ.

आणि सेंटरनं हातात ठेवली सगळ्या दिशांची सरासरी! पक्षाघाताच्या पेशंटला तेवढी पुरते, म्हणून त्यांचं मशीन तेवढीच साठवतं. माझ्या अर्जात ‘प्रत्येक दिशेच्या इमेज वेगळ्या हव्यात’ असं ठळक लिहिलं होतं. काउंटरवरचे म्हणाले, “भाऊ, फिल्म दिली, रिपोर्ट दिला, सीडी दिली. आता अजून काय पाहिजे?” डॉक्टरांना विचारा. डॉक्टर म्हणाले, इंजिनिअरला विचारा. इंजिनिअर पुण्याला. तोवर जागा करायला कन्सोलवरचा (मशीनच्या कॉम्प्युटरवरचा) जुना डेटा पुसलेला. रिपोर्टमध्ये मात्र ‘मेंदू नॉर्मल’. आतेभाऊ तो घरभर दाखवत फिरला.

शेवटी रात्रपाळीच्या टेक्निशियन दादांनी दुसऱ्या स्कॅनच्या आधीच दिशा वेगळ्या साठवायचा पर्याय चालू केला आणि माझ्यासमोर डायकॉम फाइल (स्कॅनच्या मूळ फाइल) कॉपी केल्या. जे काम काउंटरला समजलंच नाही, ते त्यांनी चहा निवायच्या आत केलं.

तेव्हा बोलायचं ते टेक्निशियनशी, आणि स्कॅनच्या आधी. जेपीईजी घेऊ नका, त्यात बी-व्हॅल्यू (डिफ्यूजनसाठी किती जोर लावला तो आकडा) आणि दिशांची माहिती नसते. मे महिन्यात दुपारची वेळ नको. डिफ्यूजनमध्ये ग्रेडियंट (मशीनमधल्या चुंबकीय कॉइल) तापतात आणि इथल्या उन्हात चिलरवर, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या यंत्रावर, ताण येतो. आणि हो, करदोड्यातला चांदीचा मणी घरीच काढायला सांगा, सेंटरवर गाठ सुटत नाही.