‘पंचगंगे’तले दोन अनुस्वार

कोल्हापुरातल्या आमच्या शाळेच्या मेळाव्यासाठी निघणाऱ्या स्मरणिकेच्या समितीतल्या मैत्रिणीनं लेख मागितला तेव्हा तिला एवढंच म्हटलं, की गॅदरिंग, पन्हाळ्याची सहल आणि पी.टी.च्या सरांची शिट्टी यांवर भरपूर जण लिहितील. मी ‘तोंडाच्या तासा’वर लिहिते. १९८७ च्या आगेमागे जे नववी-दहावीत होते त्यांना हे नाव लगेच कळेल.

शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शेवटचा तास व्याकरणाचा. तोच ‘तोंडाचा तास’. आमचे मराठीचे सर त्या तासाला पुस्तक उघडायचेच नाहीत. फळ्यावर एका बाजूनं दिसणारं डोकं काढायचे. ओठ, दात, कडक टाळू, तिच्यामागची मऊ टाळू, पडजीभ, गळा, आणि मधे भली मोठी जीभ. सरांची चित्रकला बेताचीच. ते डोकं दर शनिवारी शाळेतल्या कुणातरी वेगळ्याच शिक्षकांसारखं दिसायचं आणि आम्ही हसू दाबत बसायचो. आरसा वर्गात आणायला परवानगी असलेला हा एकमेव तास होता.

“क, च, ट, त, प. सावकाश म्हणा आणि जीभ कुठं टेकते ते सांगा.” बालवाडीपासून घोकलेली अक्षरं, पण जीभ मागून पुढं सरकत शेवटी ओठांवर येऊन थांबते हे कुणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही नावं पुस्तकात होती; त्यांचा पत्ता आरशात सापडला. (‘कंठ्य’ हे नाव तितकंसं खरं नाही, क म्हणताना जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला लागतो, हेही सरांनी तेव्हाच सांगून टाकलं.) मग ओळीत आडवं जायचं. जागा तीच, रीत बदलते. ‘क’ला श्वासाची फुंकर दिली की ख, गळ्यातला नाद दिला की ग, दोन्ही दिलं की घ, आणि वाट नाकातून काढली की ङ. अल्पप्राण-महाप्राण बघायला ओठांसमोर कागदाची चिठ्ठी धरून ‘पळ’ आणि ‘फळ’ म्हणायचं. घोष-अघोष बघायला गळ्याच्या घाटीवर बोटं ठेवायची. ‘स’ लांबवला तर बोटांना काही लागत नाही, ‘माझा’तला ‘झ’ लांबवला की थरथर लागते. अनुनासिकाची परीक्षा सगळ्यांत गमतीची. नाक चिमटीत धरून ‘मामा’ म्हणायचं. बाहेर येतं ‘बाबा’. म आणि ब यांत फरक फक्त नाकाच्या वाटेचा.

वर्णमालेचा हा तक्ता कुणी बसवला, तर वेदपाठ बिघडू नये म्हणून उच्चारांचा कीस काढणाऱ्या शिक्षा-प्रातिशाख्यकारांच्या (शिक्षा आणि प्रातिशाख्यं म्हणजे उच्चारांवरचे जुने ग्रंथ) परंपरेनं, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी. सरांना या माणसांबद्दल फार आदर होता, पण “जुनं ते सोनं” वगैरे ते कधी म्हणाले नाहीत. “त्यांनी तोंडात बघितलं, तुम्हीही बघा,” इतकंच.

इथवर झाला ध्वनींचा नुसता पंचनामा. खरी मजा पुढं होती. बाकांचे दोन गट करून सर एक खेळ घ्यायचे. शेवटचा ‘ळ’ हलवायचा नाही, पहिला आवाज बदलायचा. काळ, गाळ, चाळ, जाळ, टाळ, डाळ, ढाळ, नाळ, पाळ, फाळ, बाळ, भाळ, माळ, राळ, लाळ, साळ. जो अडकेल तो गट हरला. मग शेवटचा आवाज बदलायचा : काळ-काल, वेळ-वेल, मूळ-मूल. एका आवाजाच्या बदलानं अर्थ बदलला की ते दोन आवाज त्या भाषेत वेगवेगळे ‘स्वनिम’, आणि अशी जोडी म्हणजे न्यूनतम युग्म. आवाज बदलला पण अर्थ जागचा हलला नाही, तर ती एकाच स्वनिमाची रूपं, म्हणजे स्वनांतरं. सर म्हणायचे, तोंडातून निघतो तो स्वन, आणि डोकं मोजतं तो स्वनिम. इंग्रज माणूस ‘पिन’मधल्या ‘प’ला फुंकर घालतो, ‘स्पिन’मधल्या ‘प’ला घालत नाही, आणि हे त्याच्या गावीही नसतं, कारण त्याच्या भाषेत त्यानं अर्थ बदलत नाही. आपल्याकडं पळ आणि फळ एक करून चालेल का?

माझ्या शेजारी बसायची ती निपाणीकडची. घरी कानडी. ती ‘चमचा’तले दोन्ही ‘च’ ‘चहा’तल्या ‘च’सारखे म्हणायची आणि आमच्या ‘च’मध्ये काही निराळं आहे हे तिला सुरुवातीला ऐकूच यायचं नाही. सरांनी तिला कधी उभं करून दहादा म्हणायला लावलं नाही. तिच्या घरच्या भाषेत ‘चमचा’तला हा दंत्य, म्हणजे दातांमागचा ‘च’ वेगळा मोजत नाहीत, तेलुगूत आहे, कोकणीत आहे, मराठीत आहे, एवढं सांगितलं आणि फळ्यावर लिहिलं : ‘या जगात जगायचं कसं?’ लिपीत ज दोन्हीकडं तोच. पण पहिला टाळूवरचा, दुसरा दातांमागचा. ‘जरा’ म्हणजे थोडं आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण यांतही तेच. अर्थ बदलतो, म्हणजे हे दोन स्वनिम. वर्णमालेनं मात्र त्यांना एकाच अक्षरात कोंबलंय.

मग सरांनी विचारलं, “पोरगा माझा म्हणा. आता पोरगी माझी म्हणा.” वर्गानं म्हटलं. “झ तोच आहे?” नव्हता. माझा, माझं यांत दंत्य, माझी आणि माझ्या यांत तालव्य. हे आम्हाला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. इ, ई, य म्हणायला जीभ टाळूकडं उचलावी लागते, आणि ती जाता जाता शेजारच्या ‘झ’लाही तिकडं ओढून नेते. तिथं दंत्य-तालव्य भेदच उरत नाही. ‘स’चंही तेच. म्हैस पण म्हशी, घसा पण घशात, पैसा पण पैशाला (या शेवटच्या दोन्हींत ‘य’ ‘श’मध्येच मुरलेला).

हे चाललेलं असताना एकदा घंटा झाली तरी सर थांबेनात. मी राधानगरी तालुक्यातल्या खेड्यातून आलेली, बोर्डिंगात राहणारी. उठून म्हटलं, “सर, येळ झाली.” वर्ग फिदीफिदी हसला. सरांनी मला दुरुस्त केलं नाही. खडू उचलून ‘येळ’ लिहिलं आणि मलाच विचारायला लागले.

“तुमच्याकडं विचार म्हणतात का गं?”

“इचार.”

“वीस?”

“ईस.”

“विस्तव?”

“इस्तू.”

“आणि वाट?”

“वाट.”

“वारा? वड?”

“वारं. वड.”

“मग वाटेला याट का नाही म्हणत?”

“असं कोण म्हणतंय, सर!”

“तेच विचारतोय. का म्हणत नाहीत?”

उत्तर माझ्याकडं नव्हतं. शिवाजी पेठेतल्या एका मुलानं दिलं, मघाशी सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला होता. ‘व’च्या पुढं इ किंवा ए आला तरच तो जातो, आ किंवा अ आला की राहतो. सरांनी त्याला बसायला सांगितलं आणि फळ्यावर माझी, म्हशी, येळ हे तीन शब्द एकाखाली एक लिहिले. कारण तिन्हीकडं एकच, पुढं उचललेली जीभ. ती ‘झ’ला टाळूवर नेते, ‘स’चा ‘श’ करते आणि ओठांवरच्या ‘व’ला ‘य’कडं ओढते. “मग ‘मासा’चं अनेकवचन ‘माशे’ का नाही?” असं निपाणीवालीनं विचारलं तेव्हा सरांना फार आनंद झाला. ‘ए’ला जीभ ‘ई’इतकी वर जात नाही, ‘व’ला हलवायला तेवढं उचलणं पुरतं, ‘स’ला पुरत नाही.

“पेपरात वेळ लिही, मार्क त्याला आहेत,” हेही ते मला बजावून गेले. मला त्या दिवशी काय मिळालं ते सांगणं अवघड आहे, पण बोर्डिंगात परतताना माझी मान ताठ होती हे खरं. माझ्या आजीचं बोलणं गबाळं नव्हतं, त्याला नियम होता, आणि तो नियम पुस्तकातल्या ‘म्हशी’च्याच घरातला होता. म्हशी छापली गेली, येळ राहून गेली, इतकाच फरक. ‘अशुद्ध उच्चार’ हे शब्द तेव्हापासून मला आळशी वाटतात. ज्यांना नियम शोधायचा कंटाळा ते हे शब्द वापरतात.

अनुस्वाराचा धडा आम्ही गावात फिरून केला. पुढचा शनिवार येईपर्यंत कोल्हापुरातल्या पाट्या वाचायच्या, टिंब दिसलं की ते तोंडात कुठं उमटतं ते वहीत लिहायचं. एस.टी. स्टँडवर गडहिंग्लज मिळालं, तिथं ङ. इचलकरंजीत ञ. खंडोबा तालमीच्या पाटीत ण. चंदगड, कुरुंदवाडात न. अंबाबाईच्या देवळात म. टिंब एकच, पण पुढचं अक्षर ज्या वर्गातलं, म्हणजे तक्त्यातल्या ज्या ओळीतलं, त्याच जागेचा अनुनासिक. एक मुलगा नदीच घेऊन आला. ‘पंचगंगा’ या एका शब्दात दोन टिंबं, पहिलं ञ, दुसरं ङ. सर दोन दिवस ते ज्याला त्याला सांगत होते. नृसिंहवाडीला मात्र सगळे अडकले, कारण ‘ह’ला वर्गच नाही; तिथं आपण नाकातून ‘व’सारखं काहीतरी काढतो. संशय, संवाद ही त्यातलीच मंडळी.

त्यावरून पुढचा प्रश्न निघाला. तक्त्यात अनुनासिकं पाच आहेत, पण मराठी कान किती मोजतो? काम-कान, मन-मण या जोड्या लगेच सापडल्या, म्हणजे म, न, ण पक्के. ङ आणि ञ यांच्या जोड्या शोधून आम्ही थकलो. ‘वाङ्मय’सारखा एखादा संस्कृत शब्द वगळला, तर आपल्या वर्गातल्या अक्षराआधी सोडून ते येतच नाहीत. स्वतःच्या जोरावर अर्थ बदलत नाहीत, म्हणून ते स्वतंत्र स्वनिम नव्हेत, जागेनुसार येणारी रूपं. अक्षरं पाच, मोजणी तीनाची.

ह्रस्व-दीर्घाचं सरांनी एका वाक्यात उरकलं. ‘मीठ’मधला शेवटचा अ आपण म्हणत नाही, म्हणून आधीचा स्वर लांबतो. ‘मिठात’मध्ये पुढं आवाज चालू राहतो, म्हणून तो आखडतो. फूल-फुलात, गूळ-गुळाची तसेच. उपान्त्य वगैरे नियम मला त्यानंतर पाठ करावा लागला नाही.

पुढं मी वाचा-उपचाराच्या शिक्षणासाठी मुंबईला गेले. पहिल्याच आठवड्यात आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा तक्ता समोर आला. ती लिपी बसवणारी संस्था १८८६ साली पॅरिसमध्ये भाषाशिक्षकांनी काढली. बाकीच्या मुली चिन्हं बघून घाबरल्या. मला तो तक्ता ओळखीचा वाटला, फक्त उलटा. आपला कंठापासून ओठांकडं येतो, तो ओठांपासून सुरू होऊन गळ्याकडं जातो.

आज माझ्याकडं मुलांना घेऊन येणारे आईबाप म्हणतात, याला कितीतरी अक्षरं येत नाहीत. मूल काकाला ‘ताता’ म्हणत असतं, गाईला ‘दाय’. क नाही, ग नाही, ख नाही, अशी ते यादी वाचतात. मी शनिवारचं डोकं काढते. दोष अक्षरांचा नाही, एका जागेचा आहे. जीभ मऊ टाळूऐवजी दातांना टेकते. ती जागा सापडली की सगळी ओळ येते. मग काप-ताप, गार-दार अशा जोड्या चित्रांतून समोर ठेवायच्या, म्हणजे मुलाला कळतं की आवाज हलला की चित्र बदलतं. टाळू दुभंगलेलं मूल ‘बाबा’ म्हणायला जातं आणि नाकातून हवा निसटून ‘मामा’ ऐकू येतं. तिथं आधी शस्त्रक्रिया, मग आमचं काम. चिमटीत नाक धरलेला आमचा वर्ग, फक्त उलट बाजूनं.

एक वाद मात्र तेव्हापासून मिटलेला नाही. कोल्हापूरमधला ल्ह, पन्हाळ्यातला न्ह, गुऱ्हाळातला ऱ्ह आणि म्हशीतला म्ह हे एकेक ध्वनी की दोन-दोन? सरांचं म्हणणं, हे ल, न, र, म यांचे महाप्राण. ख, घ जसे एकेक तसे हेही एकेक. तक्ता संस्कृतासाठी बसवलेला, म्हणून त्यांना अक्षर मिळालं नाही, जोडून लिहावं लागतं. निपाणीवाली म्हणायची, गावात ‘नाही’चं ‘न्हाई’ होतं ते ‘न’ आणि ‘ह’ जवळ आले म्हणूनच, म्हणजे दोन. अभ्यासकांतही दोन्ही बाजूंचे लोक आहेत.

मी सरांच्या बाजूची. माझा पुरावा छंदाचा आहे. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू (दोन मात्रांचं) होतं, लघू (एका मात्रेचं) राहत नाही, पण ‘कुऱ्हाड’मधला ‘कु’ आणि ‘तुम्ही’मधला ‘तु’ लघूच राहतात. म्हणजे पुढं जोडाक्षर नाहीच. निपाणीवाली आता बेळगावात असते आणि मागच्या महिन्यात फोनवर म्हणाली, “‘तुझ्या’तला ‘तु’ही लघूच की गं, मग ‘झ्या’पण एकच का?” मी म्हटलं, हो, तिथला य तालव्य ‘झ’मध्येच मुरलाय, सरांनीच शिकवलंय. त्यावर तिनं ‘दुसऱ्या’ हा शब्द काढला. तिथं ‘स’ लघू आणि पुढं र आणि य धडधडीत दोन. मेळाव्याला ती येणार आहे. ज्यांच्याकडं ‘दुसऱ्या’चं उत्तर असेल त्यांनी माझ्या शेजारी बसावं.