२०१६ च्या बिलावर जीएसटी क्रमांक कुठून आणायचा?

घराच्या अंतर्गत सजावटीची ड्रॉइंग मी ज्या सॉफ्टवेअरवर करते, ते मी २०१६ मध्ये एकरकमी पैसे मोजून विकत घेतले आणि त्याच्या बिलावर ‘कायमस्वरूपी परवाना’ असे स्पष्ट छापलेले आहे. आता त्या कंपनीने एकरकमी विक्री बंद करून वार्षिक वर्गणी सुरू केली आहे. जुन्या ग्राहकांचे परवाने अबाधित राहतील, असे तिने सर्वांना कळवले आणि कागदोपत्री ते खरेही आहे. परंतु हा अबाधित परवाना एका लॅपटॉपवरून दुसऱ्या लॅपटॉपवर नेण्यासाठी जो ऑनलाइन अर्ज भरावा लागतो, त्यातील एका रकान्याने माझा इतका अंत पाहिला की काम होऊन गेल्यावरही राग पुरता शमलेला नाही. कंपनीचे नाव घेत नाही, कारण जुने बिल आणि नवा अर्ज यांची गाठ कोणत्याही कंपनीच्या दारात पडू शकते.

वर्गणीची ही पद्धत आमच्या व्यवसायाला नवी नाही. फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबीने २०१३ मध्ये हा मार्ग धरला, ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने २०१६ मध्ये नवे कायमस्वरूपी परवाने विकणे थांबवले आणि स्केचअप या थ्रीडी ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची एकरकमी विक्री नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. कंपन्यांची बाजू मला समजत नाही असे नाही. एकदा सॉफ्टवेअर घेतले की माझ्यासारखा ग्राहक वर्षानुवर्षे नवी आवृत्ती घेत नाही, कारण कपाट, ओटा आणि पोटमाळा यांची ड्रॉइंग काढायला दरवर्षी नवे काही लागत नाही, आणि कंपनीला मात्र पगार दर महिन्याला द्यावे लागतात. माझी तक्रार वर्गणीविषयी नाही. ज्याचे पूर्ण पैसे दिलेले आहेत, ते वापरण्यासाठी परवानगीच्या दारात पुन्हा उभे राहावे लागते आणि ते दार नेमके नव्या वर्गणीदारांच्या सोयीने बांधलेले असते, हे मला खटकते.

लॅपटॉप बदलण्याची हौस मला नव्हती. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला, आणि आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. माझा जुना लॅपटॉप त्यातलाच. क्लायंटची बँकेची कागदपत्रे, कोटेशने, हिशेब सारे त्याच यंत्रात असल्यामुळे सुरक्षा अपडेट नसताना ते इंटरनेटला जोडून ठेवणे मला पटेना. म्हणून नवा लॅपटॉप घेतला आणि मग कळले की परवाना त्याच्यावर नेण्याआधी तो माझ्या नावाच्या ऑनलाइन खात्याशी जोडला पाहिजे, आणि तो जोडण्याआधी मी खरी मालक असल्याची पडताळणी झाली पाहिजे. ही सोयही कायमची नाही. एका ठरावीक तारखेनंतर जुने परवाने नव्या यंत्रावर नेऊन मिळणार नाहीत, अशी ओळ त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत होती.

पडताळणीच्या अर्जात सीरियल नंबर, खरेदीची तारीख, विक्रेत्याचे नाव, बिलाची स्कॅन प्रत आणि विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक इतकेच मागितले होते. पहिल्या चार गोष्टी माझ्याजवळ फायलीत नीट लावलेल्या होत्या. पाचवी असणे शक्यच नव्हते. माझे बिल नोव्हेंबर २०१६ चे आहे आणि वस्तू व सेवा कर देशात १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. बिलावर व्हॅट लावलेला आहे, सेवा करही लावलेला आहे आणि विक्रेत्याचा टीआयएन, म्हणजे व्हॅटचा नोंदणी क्रमांक, ठळक अक्षरांत छापलेला आहे, पण जो कर तेव्हा अस्तित्वातच नव्हता त्याचा क्रमांक कोल्हापूरच्या त्या दुकानदाराने कुठून छापावा?

रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकत नव्हता. टीआयएन भरून पाहिला. महाराष्ट्रातल्या जीएसटी क्रमांकासारखाच इथला टीआयएनही २७ नेच सुरू होतो, त्यामुळे क्षणभर आशा वाटली. पण त्यात अकरा अंक आणि शेवटी व्ही असतो, तर जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा, म्हणून ‘अपूर्ण क्रमांक’ असे लाल अक्षरांत उमटले. मग मदतीच्या चॅटवर गेले. तिथल्या व्यक्तीने अत्यंत नम्रपणे जीएसटी बिल जोडण्यास सांगितले. खरेदीच्या वेळी जीएसटी नव्हता, हे मी तारखेसह समजावले. त्यावर उत्तर आले, ‘समजले मॅडम. गैरसोयीबद्दल क्षमस्व. कृपया जीएसटी बिल जोडून पुन्हा प्रयत्न करा.’ दुसऱ्या दिवशी वेगळी व्यक्ती, तीच नम्रता आणि तेच उत्तर. आदल्या दिवशीचे संभाषण तिच्यासमोर नसल्यामुळे मला देशाचा करविषयक इतिहास पुन्हा पहिल्यापासून सांगावा लागे.

माझ्या सीएंनी एक वाट सुचवली. त्या दुकानदाराने २०१७ नंतर जीएसटी क्रमांक घेतलाच असणार, तो शोधून भरावा. दुकान टाळेबंदीच्या काळात बंद झाले, मालक गाव सोडून मुलाकडे गेले. तरीही सीएंनी आपल्या जुन्या कागदांतून त्यांचा क्रमांक काढून दिला. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून कोणत्याही करदात्याची नोंद लॉगिन न करता पाहता येते, ती पाहिली तेव्हा नावापुढे ‘रद्द’ असा शेरा होता. दुकान बंद केल्यावर सरळ माणूस नोंदणी रद्द करून घेतो, तशी त्यांनी घेतली होती. अर्जातला रकाना मात्र फक्त चालू क्रमांक स्वीकारत होता. म्हणजे ज्या विक्रेत्याने कायद्याप्रमाणे सारे नीट मिटवले, त्याच्याकडून घेतलेले सॉफ्टवेअर माझे आहे हे सिद्ध होण्याचा मार्ग त्याच्या नीटनेटकेपणामुळेच बंद झाला.

या टप्प्यावर आमच्याच व्यवसायातील एका स्नेह्यांनी कोणत्याही चालू दुकानाचा क्रमांक टाकून मोकळे होण्याचा सल्ला दिला. मी तो मानला नाही आणि कुणी मानू नये. बिलावरचे नाव आणि क्रमांकाचे नाव जुळणार नाही, आणि अर्जाच्या शेवटी ‘खोटी माहिती आढळल्यास परवाना रद्द करण्यात येईल’ या वाक्यापुढे आपण खूण केलेली असते. वर्गणी नको म्हणून धडपडणाऱ्याने परवाना रद्द करण्याचे निमित्त स्वतःच्या हाताने कंपनीला देऊ नये.

या सगळ्या काळात कंपनीकडून नियमाने एक गोष्ट येत होती, ती म्हणजे जुन्या ग्राहकांसाठी वर्गणीत खास सवलत असल्याची ईमेल. त्यातले बटण दाबले की पैसे भरण्याचे पान लगेच उघडे आणि तिथे जीएसटी क्रमांकाचा रकाना ऐच्छिक होता. हा अडथळा कुणी मुद्दाम रचला असेल असे मी म्हणणार नाही. पण तो दूर करण्याची घाईही कुणाला नव्हती, कारण कंटाळून वर्गणी भरणारा प्रत्येक ग्राहक कंपनीच्या फायद्याचाच होता.

शेवटी उपयोगी पडला तो तक्रार अधिकारी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्या संस्थेने तक्रार अधिकारी नेमून त्याचे नाव आणि संपर्क आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निवारण महिन्याभरात करावे लागते. कंपनीच्या पानावर तो पत्ता अगदी तळाशी, गोपनीयता धोरणाच्या शेजारी सापडला. चॅटवर जे डोके आपटले, त्याऐवजी पहिल्याच दिवशी इथे लिहिण्याचे कुणी सांगितले असते तर बरे झाले असते, म्हणून मी सांगते आहे.

पत्र मी एका पानाचे, रागाचा एकही शब्द न वापरता लिहिले. बिलाची तारीख आणि जीएसटी लागू झाल्याची तारीख एकाखाली एक ठेवली, बिलावरच्या टीआयएनभोवती चौकट काढली, विक्रेत्याची नोंदणी रद्द असल्याचा संकेतस्थळावरील स्क्रीनशॉट जोडला आणि बँकेच्या खातेउताऱ्यातील ती ओळ दाखवली, ज्यात विक्रेत्याचे नाव आणि बिलाएवढीच रक्कम आहे. हा उतारा निघाला तो नोटाबंदीच्या कृपेने. खरेदी त्याच महिन्यातली, रोख रक्कम कुणाजवळच नव्हती, म्हणून चेक दिला होता; एरवी त्या दुकानात सगळेच रोखीने चाले. पत्राच्या शेवटी एवढेच विचारले की जुलै २०१७ पूर्वीच्या कायदेशीर बिलाची पडताळणी आपण कोणत्या पद्धतीने करता, ते लेखी कळवावे. या प्रश्नाला ‘जीएसटी बिल जोडा’ हे उत्तर देता येत नाही.

पोच मुदतीत आली. त्यानंतर एका तरुणाचा फोन आला, त्याने कागद खरोखर वाचले होते आणि तो रकाना त्याने आपल्या बाजूने भरून टाकला. फोनवर बोलता बोलताच माझ्या खात्यात परवाना दिसू लागला. जुलै २०१७ पूर्वीचे सगळेच ग्राहक इथे अडकत असणार, असे मी म्हटले, तर तो म्हणाला, ‘हो मॅडम, पण तुमच्यासारखे लिहून फार कुणी पाठवत नाही.’ मला बरे वाटले, हे नाकारत नाही. तो रकाना मात्र परवा पाहिला तेव्हाही तसाच सक्तीचा होता.

तक्रार अधिकाऱ्याने दाद दिली नसती तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जाण्याची माझी तयारी होती. व्यवसायासाठी घेतलेली वस्तू म्हणून ग्राहक कायदा लागू होत नाही, असे ऐकवून लोकांना परत पाठवले जाते, ते सरसकट खरे नाही. स्वयंरोजगारातून स्वतःचा चरितार्थ चालवण्यासाठीच घेतलेल्या वस्तूंना २०१९ च्या कायद्याने त्या अपवादातून वगळले आहे. माझ्यासारखी एकटीने काम करणारी डिझायनर त्यात बसते, मोठे कार्यालय बसेलच असे नाही.

हे चालू असताना हाती एक फ्लॅटचे काम होते आणि दोन्ही लॅपटॉपपैकी नवा निरुपयोगी, म्हणून स्वीट होम थ्रीडी हे मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरून पाहिले. प्लॅन काढून फर्निचर मांडून क्लायंटला दाखवायला ते उत्तम आहे आणि इंटरनेटशिवाय चालते. सुताराला लागणारे सेक्शन म्हणजे छेदचित्रे, प्लायची जाडी, ड्रॉवरच्या चॅनेलसाठी सोडायची जागा, हे सारे त्यात काढणे माझ्या मते व्यर्थ खटाटोप आहे. स्वतःच्या घराचे नूतनीकरण करणाऱ्याने मात्र वर्गणी भरण्याआधी ते अवश्य पाहावे.

ज्यांना वर्गणी घ्यावीच लागेल त्यांनी ‘मासिक’ हा शब्द नीट तपासावा. महिन्याला पैसे भरायचे पण करार वर्षाचा, असा प्रकार सर्रास असतो आणि मध्येच सोडल्यास दंड लागतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२४ मध्ये ॲडोबीवर दावा लावला तो हा दंड ग्राहकांना नीट न दाखवल्याच्या आरोपावरून. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान चोवीस तास आधी येते, आणि १५,००० रुपयांवरील अशा रकमेला प्रत्येक वेळी ओटीपी लागतो. वार्षिक वर्गणी या मर्यादेच्या वर असेल आणि ओटीपीच्या वेळी फोन बंद असेल, तर नेमके हँडओव्हरच्या आठवड्यात सॉफ्टवेअर बंद पडू शकते.

वर सांगायचे राहून गेले ते फायलींचे. परवाना मिळेल की नाही याची खात्री नसताना मी जुन्या लॅपटॉपवर बसून प्रत्येक प्रकल्पाची एक प्रत डीएक्सएफमध्ये आणि एक पीडीएफमध्ये काढून ठेवली. डीएक्सएफ ऑटोकॅडच्या पहिल्या आवृत्तीबरोबर १९८२ मध्ये आलेला प्रकार आहे, त्याची रचना प्रसिद्ध केलेली आहे आणि जवळजवळ प्रत्येक ड्रॉइंग सॉफ्टवेअर तो उघडते. त्यात थ्रीडी मटेरियल टिकत नाही, पण मापे टिकतात आणि पाच वर्षांनी क्लायंट दुरुस्तीसाठी परत येतो तेव्हा मापेच लागतात. हे काम जुना लॅपटॉप चालू आहे तोवरच होते. परवाना नव्या यंत्रावर सुरू होऊन एखादी मोठी फाइल त्यात उघडून, बदलून, पुन्हा सेव्ह होईपर्यंत जुना फॉरमॅट करू नये आणि विकू तर मुळीच नये. माझ्या बाबतीत टेक्स्चरचा अख्खा फोल्डर जुन्या यंत्राच्या सी ड्राइव्हमध्ये राहिलेला निघाला, आणि तो प्रोग्रॅमच्या बॅकअपमध्ये येत नाही हे कंपनीच्या सूचनांत कुठेही लिहिलेले नाही.