आमची वाटचाल : जुन्या माऊथ ऑर्गनच्या सुट्या भागांतून सूरपट्टी

फोंड्यात आमचं मुख्य काम पेटीचं. भाता, पट्ट्या, सूर लावणं. त्याच्या जोडीला माऊथ ऑर्गनही येत राहिले, बहुतेक तारवटींच्या, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या घरांतले, खाऱ्या हवेत कपाटात पडून कळकलेले. दुरुस्त होण्याजोगे थोडेच निघत. बाकीच्यांचे भाग आम्ही डब्यांत साठवत गेलो आणि आज दुकानाचं बरंचसं काम त्या डब्यांवर चालतं. भजनाला सुरुवातीचा सूर देणारी आमची सूरपट्टीही त्यातूनच झाली.

सुरुवातीला डबे कंपनीनुसार लावले होते. ती चूक होती. रीड, म्हणजे वाऱ्याने थरथरून सूर देणारी पितळी पट्टी, हवी असते तेव्हा शोध सुराचा असतो, कंपनीचा नंतर. दहा छिद्रांच्या माऊथ ऑर्गनमध्ये वीस रीड असतात, दहा फुंकल्यावर वाजणाऱ्या (फुंकीच्या) प्लेटवर आणि दहा श्वास ओढल्यावर वाजणाऱ्या (ओढीच्या) प्लेटवर. आता प्रत्येक प्लेट चिमट्याने वाजवून, ट्यूनरवर बघून, चांगल्या सुरांची नावं मार्करने तिच्यावरच लिहितो. पडलेल्या सुरावर फुली. रीड मरते ती बहुधा रिव्हेटजवळ बारीक चीर पडून. आधी सूर खाली सरकतो, मग तुटते. ओढीची चौथी आणि पाचवी सर्वांत आधी जातात, कारण वाजवणाऱ्यांचा सगळा जोर तिथेच असतो.

साफसफाई जपून करावी लागते. फणी म्हणजे दोन प्लेटांमधला छिद्रांचा भाग. लाकडी फणीचा माऊथ ऑर्गन पाण्यात बुडवायचा नाही. होनर कंपनीच्या मरीन बँडसारख्या, १८९६ पासून चालत आलेल्या मॉडेलची फणी पेअरच्या लाकडाची आणि खिळ्यांनी ठोकलेली. पातळ पातं सगळ्या बाजूंनी थोडंथोडं सरकवत प्लेट उचलायची, एका टोकाने उपटली तर ती वाकते. खिळे थर्मोकोलमध्ये त्याच क्रमाने टोचून ठेवायचे. मग प्लेट कोमट साबणपाण्यात. ब्रश नेहमी रिव्हेटकडून टोकाकडे, उलटा किंवा आडवा कधीच नाही. कळंक काढायला अर्धा लिटर पाण्यात छोटा चमचाभर लिंबूफूल, दहा मिनिटं, आणि लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात. जास्त वेळ ठेवलं की पितळेतलं जस्त निघून जातं, रंग गुलाबी होतो आणि रीड ठिसूळ. आपल्याकडे समई सोलं (आमसुलं) आणि मीठ लावून उजळतात, पण रीडला ते लावू नये. मीठ रिव्हेटखाली बसतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंज सुरू होतो.

डब्यांचा पहिला उपयोग म्हणजे एकाची रीड दुसऱ्याला बसवणं. प्लेट पोलादी ठोकळ्यावर ठेवून रिव्हेट पंचने बाहेर काढायचा, छिद्र १.१ मिमी करून एम १.४ चे (१.४ मिमी स्क्रूचे) आटे पाडायचे आणि स्क्रूने रीड आवळायची. रीडच्या बुडाचं छिद्र रीमरने हळूहळू वाढवायचं, एकदम ड्रिल घातलं तर बूड फाटतं. सुझुकी कंपनीच्या माऊथ ऑर्गनसारख्या वेल्ड केलेल्या रीड या पद्धतीने निघत नाहीत. बदली रीड निवडताना हव्या सुरापेक्षा किंचित खालची घ्यावी. टोकाकडे घासलं की सूर चढतो, बुडाकडे घासलं की उतरतो, आणि चीर बुडाशीच पडत असल्याने तिथलं पितळ जितकं राखता येईल तितकं राखायचं.

या कामात एक गोष्ट पक्की कळली. रीड एकटी काही कामाची नाही. तिच्यात आणि प्लेटमधल्या तिच्या खाचेत मिलिमीटरच्या काही शतांश भागांचीच फट असते. उजेडासमोर धरली तर दोन्ही बाजूंना सारखी केसाएवढी रेघ दिसायला हवी. एका बाजूला टेकली की किर्र आवाज, फट रुंद झाली की वारा नुसता निसटतो. रीड आणि खाच ही कारखान्यात जमलेली जोडी आहे. ती फोडण्यापेक्षा प्लेटचा तेवढा तुकडाच कापून घेतला तर? आमची सूरपट्टी यातूनच झाली. भजनी मंडळाला किंवा घुमट आरतीला सुरुवातीचा सूर देणारी, खिशात मावणारी पट्टी.

सूर आम्ही पेटीच्या पट्टीवरून ओळखतो: पांढरी एक म्हणजे सी, पांढरी पाच म्हणजे जी, काळी चार म्हणजे जी शार्प. सी सुराच्या, म्हणजे पांढरी एकच्या माऊथ ऑर्गनमध्ये फुंकीच्या प्लेटवर तिसरं आणि चौथं छिद्र शेजारी-शेजारी प आणि सा देतात. सहावं-सातवं तेच, एक सप्तक वर. नववं-दहावंही तेच, पण फार किरटं, ते आम्ही घेत नाही. खरी कमाई ओढीच्या प्लेटवर आहे. तिथली पहिली दोन छिद्रं म्हणजे डी आणि जी, हीच पांढरी पाचची प-सा जोडी. दोन्ही रीड टोकाकडे घासून अर्धा सूर चढवल्या की काळी चार मिळते, आणि बायकांच्या मंडळांकडून काळी चारचीच मागणी जास्त. जुने माऊथ ऑर्गन बहुतेक सीचेच मिळत असल्याने हा मार्ग सापडला नसता तर काळी चार दुर्मीळच राहिली असती.

कापायला सोनारी करवत, खाचेपासून किमान २ मिमी सोडून. पत्राकात्री अजिबात नको, तिने प्लेट पिळते आणि खाच आवळली जाते. रीडवर आधी कागदी टेप लावायची, नाहीतर पितळेचा कीस फटीत बसतो. त्याच छिद्रांचा फणीचा तुकडाही कापून घ्यायचा, प्लास्टिकचा असेल तर उत्तम. लाकडी फणी ओलाव्याने फुगून तिचे दात पुढे आलेले असतात. ती वाळवून, घासून सपाट करायची आणि कोमट मेण चोळायचं. दुसऱ्या बाजूला रीड नसलेला कोरा पत्रा हवा. तिथे जुनी प्लेट तशीच ठेवली तर फुंकताना त्या खाचांतून वारा गळतो. ओढीचा तुकडा असेल तर उलटा लावायचा, रीड आत आली की तो फुंकून वाजतो.

सूर लावणं शेवटी. कारखान्यातला मेळ काही मॉडेलांत समस्वरी असतो, म्हणजे सप्तकाचे बारा सूर सारख्या अंतरावर, तर काहींत तसा नसतो; आणि नवा माऊथ ऑर्गन बऱ्याचदा ए ४४० पेक्षा (ए सूर सेकंदाला ४४० कंपनांचा, हे नेहमीचं प्रमाण) थोडा चढा लावलेला असतो. पेटीसोबत वापरायची पट्टी पेटीच्याच सुराला लावतो. त्यानंतर प कानाने. समस्वरी मेळात तिसऱ्या-चौथ्या छिद्रांचे जी आणि सी एकदम फुंकले की आवाजाच्या चढ-उताराच्या सेकंदाला साधारण पावणेदोन लाटा ऐकू येतात. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला त्या लगेच टोचतात. प-च्या रीडच्या टोकावर कानशीचे अगदी हलके एक-दोन हात दिले की लाटा मंदावतात आणि सूर एकजीव होतो. घासल्यावर रीड गरम असते, आणि रात्रभर ठेवल्यावर सूर किंचित सरकतो, म्हणून पट्टी दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाला देत नाही. रीडचं टोक प्लेटपासून साधारण रीडच्याच जाडीएवढं वर हवं. कमी असेल तर जोराने फुंकल्यावर रीड गप्प होते, जास्त असेल तर वारा वाया जातो.

माऊथ ऑर्गनची रीड पेटीत चालेल का, हे बरेच जण विचारतात. चालत नाही. भात्याच्या वाऱ्यावर तिचा आवाज शेजारच्या सुरांपुढे बारीक पडतो. पेटीला पेटीचीच रीड हवी, गुजरातमधल्या पालितान्याची असो वा जुनी जर्मन.

तुटलेल्या रीडसुद्धा टाकत नाही. फटीत अडकलेला कण काढायला त्यांच्याइतकी पातळ, नरम पात दुसरी मिळत नाही, पोलादी पातं खाचेची कड खरवडतं. वरची झाकणं सरळ करून दुसऱ्या माऊथ ऑर्गनला लावतो. अगदी उरलेलं पितळ भंगारात जातं.

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी पट्टी न्यायची असेल तर जुलैच्या सुरुवातीला सांगावं. पावसात लाकूड वाळायला वेळ घेतं, आणि ओल्या फणीवर लावलेला सूर टिकत नाही.