हिरो आला, फोटो झाला, मॅच कुणी बघितली?

७ ऑगस्ट २०२४ ची रात्र आठवते का कुणाला? दुपारपासून टीव्हीवर विनेश फोगटचीच बातमी, शंभर ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून फायनलच्या दिवशी बाद केलं, सगळ्यांचा जीव नुसता तुटत होता. त्यात बिग बॉस मराठीचा पाचवा सीझन नुकताच लागलेला आणि लातूरचा आपला रितेश पहिल्यांदाच होस्ट, त्यामुळं आमच्याकडं रात्रीची जेवणं बिग बॉसच्या टायमिंगवर चाललेली. आणि ह्या सगळ्या गडबडीत मध्यरात्र उलटल्यावर, एकच्या सुमाराला, आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा पॅरिसमध्ये ऑलिम्पिकची फायनल पळत होता.

अविनाश साबळे. तीन हजार मीटर स्टीपलचेस. ह्या शर्यतीत ऑलिम्पिक फायनलला पोचलेला पहिला भारतीय पुरुष. अकरावा आला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबे उघडल्यावर मी विषय काढला तर एकजण म्हणे, "अकरावा ना, मग काय त्यात?"

मग मी सांगितलंच, आणि इथं पण सांगते कारण हे बीड जिल्ह्यातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे. ह्या शर्यतीत अठ्ठावीस वेळा तीन फूट उंच लाकडी अडथळा ओलांडायचा, तो साध्या हर्डलसारखा पाय लागला की पडत नाही, पाय लागला तर माणूस पडतो. वर सात वेळा पाण्याचा खड्डा. बूट ओले, मोजे ओले, तसंच पळायचं. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये अविनाशनं सिल्व्हर आणलं, वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद, आणि गोल्डवाला केनियाचा किबिवोत ८ मिनिटं ११.१५. म्हणजे पाच शतांश सेकंद! आणि १९९४ नंतर कॉमनवेल्थला ह्या शर्यतीत केनिया सोडून दुसऱ्या कुठल्या देशाला पदकच मिळालं नव्हतं, तिन्हीच्या तिन्ही तेच घेऊन जायचे, ती रांग मोडली कुणी तर आपल्या दुष्काळी भागातल्या, शाळेला पळत जाणाऱ्या, सैन्यात जाऊन सियाचीनला ड्युटी केलेल्या पोरानं. पुढच्या वर्षी हांगझोउला एशियन गेम्सचं गोल्ड. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्याच डायमंड लीगला ८:०९.९१, हा राष्ट्रीय विक्रम. आणि मग जुलै २०२५ ला मोनॅकोत पळताना पडला, गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं, टोकियोची वर्ल्ड चॅम्पियनशिप हुकली. कुठली हिरोईन एअरपोर्टवर काय घालून आली हे मला त्या महिन्यात रोज मोबाईलवर दिसत होतं, अविनाशचा गुडघा कसाय हे मला शोधून शोधून वाचावं लागलं. ह्याचंच मला वाईट वाटतं.

आता कुणी म्हणेल हिला फिल्मवाल्यांचा राग आहे. बिलकुल नाही. मला पिक्चर आवडतात, सीरियलच्या गप्पा आवडतात, आयपीएल फायनलला प्रीती झिंटाचं तोंड उतरलेलं बघून मला पण भरून आलतं (२०२५ ला पंजाब फक्त सहा रनांनी हरलं, आणि शशांक सिंग शेवटपर्यंत नाबाद, काय खेळला तो). आणि स्टार लोकं खेळात आली की पैसा येतो, टीव्ही येतो, हे खरंच आहे. अभिषेक बच्चनचंच बघा. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हापासून जयपूरची टीम त्याची आहे, पहिल्याच वर्षी जिंकली, मधली कितीतरी वर्षं काही मिळालं नाही, पण गडी जर्सी घालून साइडला उभा राहून ओरडायचाच, आणि २०२२ ला पुणेरी पलटणला ३३-२९ नं हरवून परत जिंकली. तो टिकून राहिला म्हणून लोकांना त्याच्या टीममधले रेडर माहिती झाले. अर्जुन देशवालचं नाव आमच्या गल्लीतलं बारकं पोरगं घेतं, ते काही बच्चनमुळं नाही, पण बच्चनमुळं टीव्ही चालू राहिला आणि मग पोराला अर्जुन दिसला. ह्याला म्हणतात खेळात येणं.

आता दुसरी बाजू बघा. मार्च २०२४ ला ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियमवर आयएसपीएल सुरू झाली, टेनिस बॉलची लीग, दहा ओव्हरची. टेनिस बॉल म्हणजे आपला प्राण! सुगी संपून रानं मोकळी झाली की मराठवाड्यात गावोगाव ह्याच बॉलवर टुर्नामेंट चालतात, लेदर बॉलचा खर्च कुणाला झेपतोय. टीमचे मालक बघा, अमिताभ, अक्षय कुमार, हृतिक, सैफ-करीना, सूर्या, राम चरण. मला लई आनंद झाला, म्हणलं आता आपल्या पोरांचे दिवस आले. आणि त्या लीगमधलं सगळ्यात जास्त व्हायरल काय झालं? ओपनिंगच्या दिखाऊ मॅचमध्ये मुनव्वर फारुकीनं सचिनची विकेट घेतली ते. आठवडाभर तेच. बिग बॉस जिंकलेल्या माणसानं सचिनला आउट केलं, मजेची गोष्ट आहे, मी पण चारदा बघितली. पण पुढं जी खरी टुर्नामेंट झाली, कोलकाता जिंकलं, त्यातल्या एका तरी टेनिस बॉल प्लेअरचं नाव सांगा म्हणलं तर आमच्या ग्रुपवर सगळे गप्प. जिंकल्याची बातमी पण फिरली ती सैफ-करीनाची टीम जिंकली म्हणूनच.

आपल्या तालुक्याला हेच चाललंय की. माझा भाऊ एका टुर्नामेंटच्या कमिटीत आहे, नाव टाकत नाही. गेल्या सीझनला सेमीफायनलच्या दिवशी एका रीलस्टारला बोलावलेलं. आठ ओव्हरची मॅच, आणि एक डाव्या हाताचा पोरगा असला खेळत होता की काय सांगू, बारीक अंगाचा, पायात साधी स्लीपर घालून आलेला आणि बॅटिंगला अनवाणी. मांडवात कॉमेंट्रीवाला ओरडतोय "आणि हा चेंडू थेट ज्वारीच्या रानात", पोरं ताटं सारत बॉल हुडकायलेत, त्या पोराचं तोंड मात्र शांत, बॉलरकडं सोडून कुठंच बघत नव्हता. तेवढ्यात गाड्या आल्या. मॅच थांबली. सगळी पब्लिक मैदानात घुसली, जेसीबीच्या बकेटमधून फुलं उधळली, ती निम्मी पिचवरच पडली, वर सेल्फीसाठी रेटारेटी, पाणी मारून रोलर फिरवून तयार केलेल्या पिचचं पार वाटोळं. पाहुणी काही वाईट नव्हती, हसून सगळ्यांशी बोलली, तिला काय माहीत आत मॅच अर्धी आहे. भाषणं झाली, सत्कार झाले, उजेड चालला म्हणून मॅच पाच ओव्हरची केली. पोरं वाकून वाकून पिचवरच्या पाकळ्या वेचायली होती. मॅच परत सुरू झाली आणि दुसऱ्याच बॉलला बॉल खाली राहिला आणि तो पोरगा बोल्ड. बॅट काखेत घेऊन गेला आणि स्लीपर घालून घरचा रस्ता धरला, बक्षीस वाटपाला थांबला पण नाही. यूट्यूब लाइव्हवर बघणारे सगळे पाहुणी गेल्यावर उठून गेले होते. मी दादाला त्या रात्री लई बोलले. तो म्हणे, "तायडे, ती आली म्हणून तर स्पॉन्सर भेटला." हे पण खोटं नाही.

खो-खोचं तर मला जास्तच लागतं कारण मी स्वतः शाळेत खेळलेय, केजच्या मैदानावर गुडघे फोडून घेतलेत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, ब्रँड अँबेसडर सलमान खान. सलमानमुळं ज्यांनी जन्मात खो-खो बघितला नाही त्यांनी टीव्ही लावला, त्याचे उपकारच मानते मी. पण भारताच्या मुलींच्या टीमची कॅप्टन कोण होती? प्रियंका इंगळे. मूळ आपल्या केज तालुक्यातली! पहिल्या मॅचला साउथ कोरियावर १७५-१८, आणि १९ जानेवारीला फायनलला नेपाळवर ७८-४०. पुरुष पण जिंकले, ५४-३६. ज्यांनी मॅटवरचा हा नवीन फॉरमॅट बघितला नाही त्यांनी एकदा बघाच, वजीर म्हणून एक गडी असतो, त्याला कुठल्याही दिशेला पळता येतं, त्यामुळं पळणारीला श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि खांबावर सूर मारून गडी टिपतात तेव्हा अंगावर काटा येतो. तर त्या दिवशी आमच्या नात्यातल्या ग्रुपवर सलमानचे फोटो आठ-दहा जणांनी टाकले. मी प्रियंकाचा टाकला तर मामांचा रिप्लाय आला, "ही कोणत्या सीरियलमधली?" मामा केजमध्येच राहतात.

धाराशिवच्या सारिका काळेचं पण तेच. २०१६ च्या गुवाहाटीच्या साउथ एशियन गेम्सला कॅप्टन म्हणून गोल्ड, २०२० ला अर्जुन पुरस्कार. राहुल आवारे पाटोद्याचा पैलवान, २०१८ ला कॉमनवेल्थचं गोल्ड, २०१९ ला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्राँझ. सचिन धस बीडचा, २०२४ च्या अंडर-१९ वर्ल्ड कपच्या सेमीला ३२ वर ४ गेलेले असताना येऊन ९६ मारले, साउथ आफ्रिकेत जाऊन साउथ आफ्रिकेला हरवलं. आणि संजय बांगर जन्मानं बीडचाच, २००२ च्या इंग्लंडमधल्या हेडिंग्ले टेस्टचं म्हणलं की सगळे सचिनचे १९३, द्रविडचे १४८, गांगुलीचे १२८ सांगतात, पण ढगाळ हवेत नवीन बॉल खेळून काढत त्यानं केलेले ६८ नसते तर पुढचं काय झालं असतं? आपल्या बीडचं नाव अलीकडं टीव्हीवर कशा-कशासाठी येतं ते सगळ्यांना माहितीय, बाहेरगावी गेलं की लोक वेगळ्याच नजरेनं विचारतात. अशा वेळी ही नावं आपल्या तोंडात नकोत का?

आणि गप्पा कशा असाव्यात ह्यावर पण एक बोलायचंय, मनात राहिलंय. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या पोरींनी क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला. शेफालीचे ८७, दीप्तीच्या पाच विकेटी, आम्ही रात्री गल्लीत फटाके फोडले. पुढं तीन आठवड्यात त्याच टीममधल्या स्मृती मानधनाचं लग्न लांबलं, मग डिसेंबरात तिनं स्वतःच सांगितलं की लग्न होणार नाही, विषय इथंच संपवू द्या. तरी डबा खाताना रोज तेच. कोण काय म्हणलं, कुणाचा स्क्रीनशॉट, कुणाची स्टोरी डिलीट. मी विचारलं, तिनं वर्ल्ड कपमध्ये रन किती केले? कुणालाच माहीत नाही. ४३४ केले, न्यूझीलंडविरुद्ध जिंकणं गरजेचं होतं तेव्हा १०९. सांगलीची पोरगी आहे, आपल्या घरातल्या पोरीचं लग्न मोडलं तर आपण शेजारणीला तरी बोलू देतो का? त्या सगळ्यात मला टीममधली जेमिमा लई भावली, ऑस्ट्रेलियातली लीग सोडून स्मृतीजवळ थांबली. गप्पा करायच्या तर ह्या करा, ह्याच्यात पण भावना आहेत, ड्रामा आहे, सगळं आहे.

सिनेमानं काय होऊ शकतं ते मुरलीकांत पेटकरांच्या बाबतीत दिसलंच. १९७२ ला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं गोल्ड, देशाचं पहिलं, आणि कितीतरी जणांना त्यांचं नाव २०२४ ला पिक्चर आल्यावर कळलं. मग अर्जुन पुरस्कार पण मिळाला. म्हणून माझी मनापासून इच्छा आहे की अविनाशवर पिक्चर निघावा आणि तो रितेशनं काढावा, मराठवाड्याचा माणूस आहे, स्वतः डायरेक्टर आहे. फक्त हिरो जिमवाला नको. लांब पल्ल्याचा पळणारा अंगानं काटक असतो, गाल बसलेले, पिंडऱ्या ताठ. आणि बोली आष्टीची पाहिजे, नगरकडं झुकणारी. आपल्या बोलीला पिक्चरमध्ये बहुतेक वेळा हसण्यापुरतंच घेतात, मकरंद अनासपुऱ्यांनी ती हिरोच्या तोंडी आणली तेव्हा आम्हाला थिएटरात केवढं बरं वाटलं होतं, पण ह्याच बोलीत एखादा माणूस शेवटच्या फेरीत दात-ओठ खाऊन स्वतःशी बोलतोय असं अजून कुणी दाखवलं नाही. नवीन पोरगा घ्या, वर्षभर पळवा त्याला, पण खरा दिसू द्या.

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते करायचं. ह्या वर्षीच्या टुर्नामेंटची पत्रिका अजून छापायची आहे. मी दादाला म्हणलं, रीलस्टार बोलवायचीच तर फायनल संपल्यावर बोलवा, आणि तिच्या शेजारी तालुक्यातल्या खो-खोच्या पोरींना बसवा, बक्षीस पण त्यांच्याच हातानं द्या, आणि बॅनरवर गेल्या वर्षीच्या त्या डावखुऱ्या पोराचा फोटो नेत्यांच्या फोटोएवढाच मोठा टाका. दादा तयार आहे, कमिटीतले अजून दोघं तयार आहेत, बाकीच्यांना स्पॉन्सरची काळजी आहे. रविवारी बैठक आहे आणि मी जाणार आहे. केज, अंबाजोगाई, धारूरकडच्या कुणाच्या ओळखीत पाच-दहा हजाराचा स्पॉन्सर असेल तर रविवारच्या आधी सांगा.