मागची फळी पाण्याच्या किती वर? जड इंजिन लावून जलाशयाची सफर

आमची बोट बारा फुटी, फायबरची, मागची फळी (ट्रान्सम) १५ इंचांची. तिच्यावर वर्षानुवर्षं १५ एचपीचं टू स्ट्रोक इंजिन होतं, वजन साधारण ३६ किलो. त्या जागी तेवढ्याच ताकदीचं फोर स्ट्रोक आलं आणि काटा ५२ किलोवर गेला. झडपा, कॅमशाफ्ट, तळाशी तेलाचा साठा हे सगळं वाढतं, म्हणून हा फरक. हे इंजिन घेऊन जलाशयाच्या वरच्या टोकाला जायचं, काठावर मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परतायचं, असा दोघांचा बेत होता.

निघण्याआधी बोट उथळ, शांत पाण्यात उभी केली आणि मागची फळी पाण्याच्या किती वर राहते ते पट्टीनं मोजलं. इंजिन नसताना ३० सेंटीमीटर. इंजिन चढवल्यावर २३. मी मागच्या बाकावर सुकाणूपाशी बसलो तर १६. मित्र इंजिन बघायला मागे सरकला तेव्हा जेमतेम ९. मग त्याला मधल्या बाकाच्या पुढे बसवलं आणि फळी १७ वर आली. म्हणजे तो बोटीत नव्हता तेव्हापेक्षाही एक सेंटीमीटर वर! बोटीत ७५ किलोंची भर पडली, तरी बूड, म्हणजे बोटीचा मागचा भाग, उचललं गेलं.

यात जादू काही नाही. बोट स्वतःच्या आणि आतल्या सगळ्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. एवढ्या बोटीचा पाण्यावरचा पसारा साडेतीन चौरस मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ती एक सेंटीमीटर खाली जायला सुमारे ३५ किलो लागतात. इंजिनाचे वाढलेले १६ किलो बरोबर मध्ये ठेवले असते, तर बोट अर्धा सेंटीमीटरही बसली नसती. पण इंजिन लटकतं अगदी टोकाला, मध्यापासून पावणेदोन मीटरवर. तिथलं वजन बोटीला बुडवतं थोडं आणि मागे कलवतं जास्त. त्यामुळे तेच १६ किलो मागच्या फळीवर दोन सेंटीमीटर खातात आणि पुढचं टोक सेंटीमीटरभर वर जातं. इंजिन बदलताना सगळे एचपी विचारतात. मी म्हणेन, आधी किलो विचारा. पहिल्या व्यापारी यशस्वी आउटबोर्डपैकी (फळीवर बाहेरून लटकवायच्या इंजिनांपैकी) एक, ओले एव्हिनरूड यांचं १९०९ चं इंजिन, दीड एचपीचं आणि २८ किलोचं होतं. आज जवळपास त्याच वजनात सहा एचपीचं फोर स्ट्रोक मिळतं. छोट्या बोटीला अनेकदा तेवढं पुरतं, आणि बूड हलकं राहतं ते वेगळंच.

सामान याच हिशेबानं लावलं. तंबू, पाण्याचा कॅन आणि नांगर-साखळी मधल्या बाकाच्या पुढे. अगदी नाकात काही कोंबलं नाही, कारण तिथलं वजन लाटेत टोक खुपसायला लावतं. पेट्रोलची टाकी मात्र मध्यावरच. २५ लिटरच्या भरलेल्या टाकीत १८-१९ किलो पेट्रोल असतं; समतोलासाठी ती पुढे ठेवली तर इंधन जळत जातं तसं पुढचं वजन घटतं आणि संध्याकाळपर्यंत बोट पुन्हा मागे बसते. समतोल साधायचा तो न संपणाऱ्या सामानानं. स्टार्टरची बॅटरी असेल तर तीही मागच्या कोपऱ्यातून काढून लांब वायरीनं मध्ये आणावी; ती १५-२० किलोंची असते आणि बहुतेक बोटींत नेमकी इंजिनाशेजारीच ठेवलेली दिसते.

जाताना वारा समोरून होता. थ्रॉटल वाढवला की पुढचं टोक आभाळाकडे जातं आणि बोट पाण्यावर उचलायला वेळ घेते. जड बुडाची ही पहिली खूण. मी सुकाणूच्या दांड्याला लांबवायची नळी लावून मधल्या बाकाजवळ सरकलो आणि फरक लगेच जाणवला: समोरचं पाणी दिसू लागलं, बोट कमी थ्रॉटलला उचलली. नळी वापरताना किल स्विचची (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी आपल्याला पोचेल आणि अडकवलेली राहील एवढी लांब आहे ना, हे पाहिल्याशिवाय मागची जागा सोडू नका. इंजिन फळीला धरणाऱ्या ब्रॅकेटमधली तिरकेपणाची पिन फळीकडे एक भोक सरकवली तर पंख्याचा रेटाही टोक खाली आणतो. पण तो उपाय चालत्या बोटीपुरता. बोट थांबली की पिनेचा उपयोग शून्य, तिथे वजनाची जागाच बोलते.

आणि थांबतानाच खरा धोका असतो. वेगात असताना थ्रॉटल एकदम बंद केला की बोट बसते, आपणच उठवलेली लाट मागून येऊन तिला गाठते आणि फळीवरून आत शिरते. १७ सेंटीमीटर हे अंतर अशा वेळी फार नाही. म्हणून वेग टप्प्याटप्प्यानं उतरवत गेलो. नांगर तर पुढच्या टोकालाच बांधायचा. मागे बांधला तर त्याची ओढ आणि इंजिनाचं वजन एकाच जागी पडतं, वर लाटा थेट फळीवर आपटतात. छोट्या बोटी यानं बुडतात.

मुक्कामी बोट पुढच्या टोकानं काठावर ओढली तेव्हा मागचं बूड पाण्यातच राहिलं. रात्री पाऊस आला. बोटीतलं पाणी सगळं जड टोकाकडे धावतं: दहा लिटर पाणी म्हणजे फळीपाशी आणखी दहा किलो, म्हणजे फळी आणखी खाली, म्हणजे लाट आणखी सहज आत. रात्रीत उठून दोनदा पाणी उपसलं. पावसाची शक्यता असेल तर इंजिन उतरवून काठावर ठेवा. ५२ किलो दोघांना उचलता येतात, एकट्यानं त्या वाटेला जाऊ नये. पाण्यात असलेल्या बोटीवरून तर मुळीच नाही.

परतीला वारा आणि लाटा पाठीमागून. इथे फळीची उंची सर्वांत महत्त्वाची, म्हणून निघताना पुन्हा पट्टी लावली. पाण्याचा कॅन रिकामा झाला होता, तो जलाशयातल्या पाण्यानं भरून पुन्हा पुढे ठेवला. लाटेच्या वेगाशी जुळवून घेत, तिला मागून चढू न देता, लाइफ जॅकेट घालून आणि उपसायचं भांडं हाताशी ठेवून आलो. मागच्या बाकावर पूर्ण वाटेत कोणी बसलं नाही.