तुम्ही विचारलंत म्हणून: परभणीत बसून शिडाच्या बोटी कशा बघायच्या

परभणीहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटर. त्यामुळे प्रश्न ठरलेला असतो: "इथं गोदावरीत पाणी नाही, अन् तुम्ही तासन्‌तास त्या शिडाच्या बोटी काय बघता हो?" हा झाला टोमणा. चहा येईपर्यंत तोच माणूस खरा प्रश्न विचारतो: बघायचंच ठरवलं तर त्यातलं कळायचं कसं? टोमण्याला माझ्याकडं उत्तर नाही, प्रश्नाला आहे.

शिडाच्या बोटीतून जग फिरणारे लोक यूट्यूबवर टाकतात तो व्हिडिओ सगळ्यात शेवटी बघायचा. आधी वारा, मग नकाशा, मग थोडी आकडेमोड, आणि त्यानंतर व्हिडिओ. उलट क्रमानं गेलात तर डॉल्फिन आणि सूर्यास्त एवढंच हाती लागतं, आणि दहाव्या व्हिडिओला कंटाळा येतो. तो यायलाच पाहिजे.

पहिली अडचण तारखेची. चॅनेलवर आज आलेला व्हिडिओ आजचा नसतो. कापाकापी, आवाज, संगीत करून तो वर चढेपर्यंत काही आठवडे जातात, कधी सहा महिनेही. बोट आज कुठं आहे ते ट्रॅकरवर दिसतं: बरेच जण गार्मिन इनरीच, प्रेडिक्टविंड किंवा नोफॉरेनलँडचा नकाशा चॅनेलच्या माहितीत देऊन ठेवतात. मरीनट्रॅफिक या जहाजांच्या नकाशावर शोधू नका. लहान बोटीचा एआयएस संदेश (रेडिओवरून आपोआप जाणारी बोटीची ओळख आणि जागा) किनाऱ्यावरच्या अँटेनाच्या टप्प्याबाहेर गेला की बोट नकाशावरून गायब होते, आणि लोक उगाच घाबरतात. व्हिडिओ जुना असेल तर त्यात दिलेली तारीख आणि जागा टिपून घ्या आणि अर्थ नलस्कूल या वेबसाइटवरच्या वाऱ्याच्या नकाशावर तीच तारीख लावा. त्या दिवशी तिथं वारा कुठून होता ते दिसतं. मग व्हिडिओतला माणूस "अचानक वादळ आलं" म्हणाला की खरंच अचानक होतं, की चार दिवस आधीपासून नकाशावर दिसत होतं, हे तुम्हीच ठरवू शकता.

वाऱ्याच्या नकाशासाठी आपल्याकडं नवं काही शिकायला नको. जूनमध्ये पेरणीच्या आधी विंडी हे हवामानाचं ॲप उघडून बसणारे गावोगाव आहेत. तेच ॲप, त्यातलीच अमेरिकेचं जीएफएस आणि युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ ही अंदाजाची दोन मॉडेलं समुद्रावरचे लोकही बघतात. फक्त वेग किलोमीटरऐवजी नॉटमध्ये लावा. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर; पुढं मैल म्हणजे हाच. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत दिली असेल तर त्यात साडेपाच तास मिळवायचे. जीएफएस दिवसातून चारदा चालतं. ०० यूटीसीचा अंदाज म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचचा, पण हातात पडतो काही तास उशिरा. दोन्ही मॉडेलं जुळत असतील तर विश्वास ठेवावा. पाचव्या दिवसानंतर ती एकमेकांपासून फाटली असतील, तर बोटीवरचा शहाणा माणूसही त्यांच्या भरवशावर नांगर उचलत नाही.

सुरुवातीला कुठला प्रवास बघावा? बहुतेक जण अटलांटिक सुचवतील, कारण व्हिडिओ त्याचेच जास्त: कॅनरी बेटांवरून नोव्हेंबरच्या शेवटी निघायचं, २,७०० मैल, कॅरिबियन. मी मराठवाड्यातल्या माणसाला हिंदी महासागर सुचवतो. ऑगस्ट-सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाच्या कोकोस बेटांवरून मॉरिशसच्या रॉड्रिग्ज बेटाला जाणाऱ्या बोटी बघा. कोकोस १२ अंश दक्षिणेला, रॉड्रिग्ज जवळपास २० अंश दक्षिणेला, म्हणजे आपण विषुववृत्ताच्या जितके वर तितकंच ते खाली. मध्ये साधारण २,००० मैल, आणि पाठीमागून आग्नेय व्यापारी वारे. हेच वारे पुढं विषुववृत्त ओलांडतात, उजवीकडं वळतात आणि नैऋत्य मोसमी वारे म्हणून आपल्याकडं येतात. तिकडं बोट पळते आणि इकडं सोयाबीन उभं राहतं, ते एकाच वाऱ्यावर.

आता आकडेमोड. पाण्यातून चालणाऱ्या एका सांगाड्याच्या जड बोटीच्या वेगाला तिच्या लांबीची मर्यादा असते. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ नं गुणा. २८ फूट असेल तर साधारण ७ नॉट. चोवीस तास याच वेगानं गेली तर १७० मैल, पण तसं होत नाही. अशा बोटीला दिवसाला १३० ते १४० मैल म्हणजे उत्तम. म्हणजे रॉड्रिग्जला दोन आठवडे. व्हिडिओत कोणी ३६ फुटी बोटीवर रोज दोनशे मैल सांगत असेल तर एक तर प्रवाह मदतीला आहे, नाही तर थाप आहे. ट्रॅकरवर तपासायला सोपं: अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० मैल.

या टप्प्यावरच्या व्हिडिओत सगळे जण एकच रडगाणं गातात, बोट डोलते. कारण दोन दिशांच्या लाटा. व्यापारी वाऱ्याच्या लाटा आग्नेयेकडून, आणि दक्षिणेतल्या लांबच्या वादळांची फुगवटी, म्हणजे स्वेल, नैऋत्येकडून. विंडीवर स्वेलचा थर लावा आणि उंचीच्या शेजारी सेकंदांचा आकडा, म्हणजे एका शिखरामागून दुसरं यायला लागणारा वेळ, बघा, तोच महत्त्वाचा. तीन मीटरची लाट १४ सेकंदांची असेल तर दोन शिखरांत तीनशे मीटर अंतर असतं. बोट हळूच वर जाते, हळूच खाली येते. तीच तीन मीटर सात सेकंदांची असेल तर अंतर ७५ मीटरवर येतं आणि उतार चौपट होतो. भांडी कपाटातून बाहेर येतात ती दुसऱ्या प्रकारात. कॅमेऱ्यावर मात्र दोन्ही सारख्याच सपाट दिसतात, कारण रुंद भिंगात लाट दबते. म्हणून लाटेकडं बघून अंदाज करू नका. पाण्यावर फेसाचे लांब पट्टे वाऱ्याच्या दिशेनं ओढले गेलेत का, शिखरांचा तुषार उडतोय का, हे बघा. ते दिसलं की वारा तीस नॉटांच्या पुढं आहे, सांगणारा कितीही हसत असो.

वाऱ्याच्या मीटरचा आकडाही फसवतो, आणि यातूनच अपघात होतात. पाठीमागून १८ नॉट वारा आहे, बोट ६ नॉटनं पुढं पळतेय. डेकवर जाणवतो तो फक्त १२. ऊन छान, चहा सांडत नाही, सगळं शीड उघडं. आता काही कारणानं बोट वाऱ्याकडं तोंड करून वळवावी लागली, माणूस पाण्यात पडला किंवा दोरी अडकली, आणि वेग ४ नॉटवर आला, की जाणवणारा वारा २२ होतो. दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे तिपटीहून जास्त. जे शीड मघाशी गरीब गाय होतं ते आता आवरत नाही. म्हणून अनुभवी माणूस खरा वारा १८-२० झाला की पहिला रीफ घेतो, म्हणजे शीड खालून गुंडाळून लहान करतो, आणि रात्री झोपण्याआधी आणखी एक. व्हिडिओत रीफ कधी घेतला ते पाहत जा. काळोखात, पावसात, ओरडत घेतला जात असेल तर तो सहा तास उशिरा घेतलेला असतो.

दुसरी गोष्ट प्रिव्हेंटर. पाठीमागच्या वाऱ्यात बोट डोलून बूम, म्हणजे शिडाच्या खालची आडवी दांडी, एका बाजूकडून दुसरीकडं सपकन फिरली तर डोकं फुटतं किंवा डोलकाठीला हादरा बसतो. ते रोखायला बूमपासून बोटीच्या पुढच्या टोकाकडं दोरी बांधतात, तीच प्रिव्हेंटर. ती बूमच्या टोकाला बांधली पाहिजे. मध्यावर बांधली आणि डोलताना टोक पाण्यात बुडालं की बूम मधोमध मोडते. किती चॅनेलांवर ती मध्यावर बांधलेली दिसते, मोजून बघा. आणि झीज! चौदा दिवस एकाच जागी घासणारी दोरी कापली जातेच. शहाणे लोक शीड वर ओढणारी दोरी रोज दोन-चार इंच सरकवून ठेवतात, म्हणजे घासण्याची जागा बदलते. हे दाखवणारा व्हिडिओ कंटाळवाणा वाटतो, पण चॅनेल ओळखायचं ते अशा व्हिडिओवरून.

सुकाणू कोण धरतं, हा आपल्याकडचा आवडता प्रश्न. कोणीच नाही. एक तर विजेचा ऑटोपायलट, नाही तर मागं लावलेलं विंडव्हेन. विंडव्हेनमध्ये वाऱ्यानं एक फळी कलते, त्यामुळं पाण्यातलं पातं पिळतं, पळतं पाणी त्या पात्याला बाजूला ढकलतं आणि त्याला जोडलेल्या दोऱ्या सुकाणू ओढतात. सगळी ताकद पाण्याची, वीज शून्य. फक्त ते दिशा वाऱ्याच्या मानानं धरतं. रात्रीत वारा वळला तर बोटही वळते. ऑटोपायलट दिशा होकायंत्रावर धरतो पण खातो सरासरी ४ अँपिअर, दिवसाला शंभर अँपिअर-तासांच्या आसपास. त्यात फ्रिजचे पन्नास, दिवे-उपकरणांचे पंचवीस, आणि स्टारलिंक हे उपग्रहाचं इंटरनेट पाच तास लावलं तर आणखी तेवढेच. बारा व्होल्टला दोनशे म्हणजे अडीच युनिटाला थोडं कमी. वीजबिलात हा आकडा किरकोळ, पण ४०० वॅटचे सोलर पॅनेल शिडाच्या सावलीत दिवसाला शंभर-सव्वाशेच देतात. उरलेली तूट इंजिन चालवून भरायची. ढगाळ आठवड्यात व्हिडिओ येणं थांबतं ते यामुळं.

पाण्याचा हिशोब आपल्याला कोणी शिकवायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पहिली जलदूत गाडी आली तेव्हा दहा वाघिणींत पाच लाख लिटर होतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ होतं. बोटीवर पिण्या-स्वयंपाकाला माणशी दिवसाला तीन लिटर. दोन माणसं, चौदा दिवस, ८४ लिटर. आणि उशीर होईल म्हणून त्याच्या दुप्पट वेगळ्या टाक्यांत. भांडी समुद्राच्या पाण्यात. खारं पाणी गोडं करणारं यंत्र ५५ बारच्या आसपास दाबानं पाणी पडद्यातून ढकलतं. लहान यंत्र नऊ अँपिअर खाऊन तासाला पंचवीस-तीस लिटर देतं. ते बिघडतं बहुधा बंदरात: नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यानं धुतलं की पडदा खलास. मध्ये कार्बनचा फिल्टर लागतो.

रॉड्रिग्ज, मॉरिशस, रियुनियन झालं की पुढं दक्षिण आफ्रिका. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळं तिकडचा रस्ता टाळून बऱ्याच बोटी याच बाजूनं गेल्या. इथं अगुल्हास प्रवाह किनाऱ्याला धरून नैऋत्येकडं चार-पाच नॉटनं वाहतो. वारा ईशान्येचा असेल तर बोट सहाची दहा नॉट होते. वारा फिरून नैऋत्येचा झाला की प्रवाहाच्या तोंडावर आपटतो, आणि लाटा उभ्या भिंतीसारख्या होतात. डर्बन ते ईस्ट लंडन अडीचशे मैल, मध्ये आसरा नाही. दहा नॉटनं पंचवीस तास. म्हणून नैऋत्य वारा मरायची वाट बघत बंदरात बसायचं, तो पडला की निघायचं, पुन्हा नैऋत्य वारा आणणारी हवेची पुढची आघाडी यायच्या आत पोचायचं. नाही जमलं तर दोनशे मीटर खोलीच्या रेषेच्या आत, किनाऱ्याकडं सरकायचं, कारण प्रवाहाचा जोर त्या रेषेवर असतो. बोट डर्बनला असेल तेव्हा विंडीवर तुम्ही स्वतः दिवस ठरवा आणि ती कधी निघते ते ट्रॅकरवर बघा. या छंदातला सगळ्यात चांगला खेळ हाच.

ट्रॅकर गप्प झाला तर? बहुधा बॅटरी, बहुधा संपलेलं रिचार्ज. खऱ्या संकटाचा संदेश ट्रॅकरवर अवलंबून नसतो. ईपर्ब नावाचं वेगळं यंत्र ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांमार्फत बचाव केंद्राला कळवतं. २१ सप्टेंबर २०१८ ला एकट्यानं न थांबता जग फिरायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नौदलाच्या अभिलाष टॉमींची बोट 'थुरिया' दक्षिण हिंदी महासागरात उलटली, डोलकाठी गेली, पाठ जायबंदी झाली. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. थुरिया ही १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत न थांबता जग फिरून आलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या 'सुहेली'ची प्रतिकृती, आणि मूळ सुहेली मुंबईत सागवानात बांधलेली. टॉमी त्याच शर्यतीत २०२२ ला पुन्हा उतरले आणि दुसरे आले. त्या शर्यतीत जीपीएस चालत नाही, सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची मोजणाऱ्या सेक्स्टंटनं जागा काढावी लागते. त्यामुळं रोजचे व्हिडिओ नसतात, नकाशावरचा ठिपका आणि तुटक संदेश एवढंच. नौदलाच्या 'तारिणी'वरून दिलना आणि रूपा या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ ला परतल्या. त्यांचा मार्ग आधी कागदावर आखून घ्या, टप्प्यांचे महिने का तसे निवडले ते आपोआप कळेल.

चॅनेल कुठली, हे शेवटी. एसव्ही डेलॉस ५३ फुटी बोटीवर हिंदी महासागरातून मादागास्कर, दक्षिण आफ्रिकेला गेले. वरचं सगळं तिथं ताडून बघता येतं. विंड हिप्पी सेलिंगवर २७ फुटी बोटीत एकटीनं पॅसिफिक ओलांडलेला आहे. थंड, उत्तरेकडच्या समुद्रातलं खरं हवामान बघायचं तर नॉर्वेचं 'नो बुलशिट जस्ट सेलिंग'. ला व्हॅगाबॉन्डनं नोव्हेंबर २०१९ मध्ये ग्रेटा थुनबर्गला अमेरिकेहून लिस्बनला नेलं. उत्तर अटलांटिक ओलांडायला तो महिना वाईट का, हे नकाशावर शोधा आणि मग तो भाग बघा. समुद्रापेक्षा लाकूडकामात रस असेल तर सॅम्पसन बोट कंपनी: १९१० ची 'टॅली हो' जवळपास नव्यानं बांधून २०२४ मध्ये पाण्यात उतरवली, प्रत्येक फासळीसकट. उपशीर्षकं इंग्रजीच ठेवा आणि वेग पाऊण करा. डेटा पुरत नसेल तर ४८० वर बघितलं तरी चालतं, फक्त वाऱ्याच्या मीटरवरचा आकडा वाचता आला पाहिजे.