आजीचे सात दिवस आणि तिच्या कबरीचा दगड

आजी गेली ती अलिबागच्या इस्राएल आळीतल्या घरात, दिवेलागणीनंतर. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आमच्यात मातीला उशीर करत नाहीत. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, तेवढं दफन होत नाही. आत्या आणि आळीतल्या बायकांनी तिला आंघोळ घातली, पांढरं कफन नेसवलं. कबरस्तानातून निघताना सगळ्यांनी हात धुतले. परतल्यावरचं पहिलं जेवण घरातलं चालत नाही. शेजारच्या काकूंनी वरणभात आणि उकडलेली अंडी आणली. अंडी लागतात हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही, इतकी वर्षं त्या आमच्या भिंतीला भिंत लावून राहिल्या आहेत. "तेराव्याला काय करायचं?" एवढंच त्यांनी विचारलं. आमच्यात सात दिवस जमिनीवर बसून दुखवटा पाळायचा, मग महिन्याचा, मग वर्षाचा.

खरा घोर होता दहा पुरुषांचा. कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला १० प्रौढ यहुदी पुरुष हवेत. १९४८ नंतर आमची माणसं घरंच्या घरं उचलून इस्राएलला गेली. भारतात उरलो ४-५ हजार, त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्यात. बाबांनी फोनवर फोन केले. नात्यातली पोरं काम सोडून मांडव्याच्या लाँचनं आली. त्या सात दिवसांत आम्हाला सावरलं ते या येण्याजाण्यानंच.

दगडाचं काम माझ्याकडे आलं. मजकूर ठरवायला जुन्या कबरी वाचत फिरले. अलिबागजवळच्या नवगावलाही गेले. आमचे पूर्वज तिथे गलबत फुटून किनाऱ्याला लागले, सात जोडपी वाचली आणि बुडालेल्यांना तिथेच पुरलं, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्या उंचवट्यांवर नाव कुणाचंच नव्हतं. पुढच्या काळातल्या दगडांवर मात्र हिब्रूच्या जोडीला बाळबोध मराठी येते, आडनावांत कोकणातली गावं येतात: किहीमकर, नवगावकर, पेणकर. ती वाचताना मला फार आपलं वाटलं.

आजीच्या दगडावर मराठी वर घेतली, हिब्रू खाली. तारखेपाशी मात्र थांबावं लागलं. हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून आजीची हिब्रू तिथी दुसऱ्या दिवसाची धरायची. वर्षाची प्रार्थनाही त्याच तिथीला. घरात कुणी गेलं तर वेळ लगेच लिहून ठेवा, सूर्य मावळायच्या आधी की नंतर, तेही. मृत्यूच्या दाखल्यावरच्या नुसत्या तारखेवरून ते कळत नाही.